गॅलरीतली विडी आणि लघवीतला पुरावा

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव-गाव वगळून):

वय ३२, नोकरी करते. फ्लॅटमध्ये सासू-सासरे, नवरा, मी आणि सव्वातीन वर्षांचा मुलगा. गेल्या पावसाळ्यापासून मुलाला सारखा खोकला, छातीत घरघर. तीन वेळा नेब्युलायझर द्यावा लागला. डॉक्टरांनी बाळदम्याची शक्यता सांगितली आणि ‘घरात कोणी ओढतं का?’ असं विचारलं. नवरा पटकन ‘नाही’ म्हणाला. सासरे निवृत्त झाल्यापासून रोज जवळपास एक बंडल विड्या ओढतात, पण गॅलरीत बसून; मग आत येऊन नातवाला मांडीवर घेतात. नवऱ्याचं म्हणणं, धूर आत येतच नाही. सासूबाई म्हणतात, ‘आमची पोरं याच धुरात वाढली.’ (नवऱ्याची लहानपणी दर पावसाळ्यात छाती भरायची, हेही त्याच सांगतात.) सासूबाईंबद्दल माझी तक्रार नाही, त्या फक्त मिश्री लावतात. लघवीतून निकोटिनचा अंश ओळखणारी पट्टी मी ऑनलाइन पाहिली आहे. मुलाची लघवी गुपचूप तपासायची आणि दिवाळीत नणंद-जावई, सगळे जमले की निकाल समोर ठेवायचा, असं मनात आहे. पुराव्याशिवाय या घरात माझं कोणी ऐकणार नाही. हे बरोबर ठरेल का?
ता. क. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली, असं तो सांगतो. मला खात्री नाही. एका पाकिटात पाच पट्ट्या येतात. एक त्याच्यासाठी वापरू का?

नमस्कार,

पट्टी मागवण्याआधी मुलाच्या डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच सांगा: आजोबा रोज गॅलरीत विड्या ओढतात आणि नंतर नातवाला मांडीवर घेतात. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते सासऱ्यांचं बंडल नव्हे, दवाखान्यातलं ते ‘नाही’. ज्या माणसाला ही माहिती सगळ्यात आधी हवी होती, त्यालाच ती मिळाली नाही. वारंवार घरघर होणाऱ्या मुलाच्या घरात धूर आहे की नाही, यावर डॉक्टर पुढचं बरंच काही ठरवतात: इनहेलर किती दिवस, औषध वाढवायचं की आधी घरातलं कारण दूर करायचं. त्यासाठी लघवीची बाटली लागत नाही. नवऱ्याला खोटं पाडायची गरज नाही. ‘त्या दिवशी सांगायचं राहिलं’ म्हणा आणि विषय पुढे न्या.

आता चाचणीकडे वळते, कारण तुमची कल्पना चुकीची नाही, फक्त तुम्ही निवडलेलं हत्यार चुकीचं आहे.

तंबाखूतलं निकोटिन शरीरात गेलं की यकृत त्याचा मोठा भाग, सत्तर-ऐंशी टक्के, कोटिनीन नावाच्या पदार्थात बदलतं. निकोटिन स्वतः फार टिकत नाही, दोनेक तासांत निम्मं होतं. कोटिनीन निम्मं व्हायला मोठ्या माणसात साधारण १६ ते २० तास लागतात. म्हणून शास्त्रज्ञ निकोटिनच्या मागे न लागता कोटिनीन मोजतात. ते रक्तात सापडतं, लाळेत सापडतं, आणि लघवीत रक्ताच्या चार-सहा पट दाट होऊन सापडतं. त्यामुळे मुलाला सुई टोचायची वेळ येत नाही. गालात काही मिनिटं बोळा धरून लाळ घेता येते, नाहीतर स्वच्छ डबीत लघवी. केसांमध्येही निकोटिन साचत जातं आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढत असल्यामुळे त्यातून मागच्या काही महिन्यांचा अंदाज येतो. पण ती मुख्यतः संशोधनातली गोष्ट. आपल्याकडे लघवीची चाचणी सहज मिळते, आणि तुमच्या मुलाच्या वयाला तीच सोपी.

या मोजणीतून काय काय कळतं, याची दोन उदाहरणं देते, कारण दोन्ही थेट तुमच्या गॅलरीशी संबंधित आहेत.

पहिलं स्वीडनचं. तिथे अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या लघवीतलं कोटिनीन मोजलं आणि ‘पालक नेमके कुठे उभे राहून ओढतात’ याच्याशी ते ताडून पाहिलं. २००४ साली निकाल प्रसिद्ध झाले. ज्या घरात कोणीच ओढत नाही तिथल्या मुलांचं कोटिनीन एक धरलं, तर बाहेर जाऊन, दार बंद करून ओढणाऱ्यांच्या मुलांचं दुप्पट निघालं. उघड्या दाराशी उभं राहून ओढणाऱ्यांच्या मुलांचं २.४ पट, स्वयंपाकघरातल्या पंख्याखाली ओढणाऱ्यांच्या मुलांचं ३.२ पट. कधी दाराशी, कधी पंख्याखाली, कधी बाहेर, असं करणाऱ्यांच्या मुलांचं दहा पट. आणि घरातच ओढणाऱ्यांच्या मुलांचं पंधरा पट. म्हणजे तुमचा नवरा अर्धा बरोबर आहे: गॅलरी हॉलपेक्षा खूपच बरी. पण ‘धूर आतच येत नाही’ हे खरं नाही. दार बंद असूनही दुप्पट भरतं, आणि आपल्या फ्लॅटमधली गॅलरी म्हणजे हॉलला लागून सरकतं दार, ते दिवसभर उघडं, वर पंखा चालू. शिवाय धूर निवला तरी निकोटिन सदऱ्यावर, बोटांवर, मिशांवर, सोफ्याच्या कापडावर बसून राहतं. रांगणारी, वस्तू तोंडात घालणारी मुलं ते तिथून उचलतात. विडी ओढून झाल्या झाल्या नातवाला मांडीवर घेणं म्हणजे धूर चालत आत येणं.

दुसरं स्कॉटलंडचं. तिथे २६ मार्च २००६ला बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आली. त्याआधी आणि वर्षभराने अकरा वर्षांच्या शाळकरी मुलांची लाळ तपासली. कोटिनीनची सरासरी एका मिलिलिटरमागे ०.३६ नॅनोग्रॅमवरून ०.२२वर आली, म्हणजे ३९ टक्क्यांची घट. पण ज्यांची आई किंवा आई-वडील दोघंही ओढायचे, त्या मुलांमध्ये म्हणावी अशी घट दिसली नाही. कायदा उंबऱ्यापाशी थांबला. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणची बंदी काटेकोर झाली, पण तीही घरात शिरत नाही. आणि २०१६-१७च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांनी आपल्याला घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असं सांगितलं होतं. तेव्हा तुमचं घर काही जगावेगळं नाही. हे सासऱ्यांशी बोलतानाही लक्षात ठेवा.

वरचे लाळेचे आकडे पुन्हा एकदा बघा. ०.३६. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, आणि त्याचाही एक तृतीयांश. लघवीत यापेक्षा जास्त असतं, आणि विडी ओढणाऱ्याच्या मांडीवर बसणाऱ्या मुलाचं आणखी जास्त. तरीही धुरात नुसतं वावरणाऱ्या मुलाच्या लघवीतलं कोटिनीन बहुतेक वेळा एक-दोन आकडीच भरतं. तुम्ही पाहिलेली पट्टी मात्र ‘हा माणूस स्वतः ओढतो का’ हे पकडायला बनवलेली असते. ओढणाऱ्याच्या लघवीत हजाराच्या घरात कोटिनीन असू शकतं, म्हणून बाजारातल्या बऱ्याच पट्ट्यांचा उंबरठा २०० नॅनोग्रॅम ठेवलेला असतो. त्याखाली काहीही असलं तरी पट्टी ‘निगेटिव्ह’ म्हणते. तुमच्या मुलाच्या लघवीत १५ असो की ६०, पट्टी तुम्हाला सांगणार: काही नाही.

आता ती दिवाळी डोळ्यासमोर आणा. नणंद-जावई बसलेत, फराळाची ताटं फिरतायत, तुम्ही निकाल ठेवलात आणि तो निगेटिव्ह. नवरा म्हणणार, ‘बघ, मी सांगत नव्हतो?’ त्यानंतर पुढची दोन वर्षं गॅलरीचा विषय काढायची सोय राहणार नाही. आणि तो निगेटिव्ह निकाल मुलाबद्दल काहीच सांगत नसेल, फक्त पट्टीच्या उंबरठ्याबद्दल सांगत असेल.

पट्टी वाचण्यातही एक फसगत आहे. गरोदरपणाच्या चाचणीमुळे आपल्या डोक्यात बसलेलं असतं की दोन रेघा म्हणजे ‘हो’. या पट्ट्यांचं बहुधा उलट असतं. ‘सी’पाशी एक रेघ उमटते, ती चाचणी नीट झाल्याची खूण. ‘टी’पाशीही रेघ उमटली, अगदी फिकट का असेना, तर निकाल निगेटिव्ह. ‘टी’ची रेघ उमटलीच नाही, तर पॉझिटिव्ह. म्हणजे घाईत दोन रेघा बघून कोणी घर डोक्यावर घ्यायचं आणि निकाल नेमका उलटा निघायचा. जे कोणी अशा पट्ट्या घरी वापरतात त्यांनी आतला कागद आधी वाचावा.

मुलासाठी मोजायचंच असेल तर प्रयोगशाळेत मोजा, आणि पैसे भरण्याआधी काउंटरवर विचारा: तुम्ही आकडा देता की नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह? कमीत कमी किती नॅनोग्रॅमपर्यंत मोजता? सोबत क्रिएटिनीन (शरीर लघवीतून रोज बाहेर टाकतं तो एक टाकाऊ पदार्थ) मोजून त्याच्याशी गुणोत्तर देता का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मुलाने भरपूर पाणी प्यायलेलं असेल तर लघवी पातळ होते आणि आकडा उगाच कमी दिसतो. क्रिएटिनीनशी ताडला की ती गडबड सुटते. ‘एलसी-एमएस/एमएस’ पद्धतीने, म्हणजे नमुन्यातले घटक यंत्राने वेगळे करून, मोजणाऱ्या प्रयोगशाळा अगदी बारीक प्रमाणही पकडतात. बऱ्याच ठिकाणी मात्र ही चाचणी विमा कंपन्यांसाठी ठेवलेली असते, आणि विमा कंपनीला ओढणारा माणूस शोधायचा असतो, धुरात बसलेलं मूल नव्हे. आकडा मिळणार नसेल तर पैसे वाचवा.

वेळ पण बघा. कोटिनीन तीन-चार दिवसांत जवळपास तळाला जातं. तुम्ही मुलाला घेऊन आठवडाभर माहेरी राहून आलात आणि दुसऱ्या दिवशी डबी दिलीत, तर अहवालात तुमच्या माहेरची हवा दिसेल. घरी नेहमीसारखे चार-पाच दिवस गेल्यावर, सकाळची लघवी घ्या. डबी तुम्हीच धरा, हात धुऊन. तंबाखूच्या हाताने झाकण उघडलं गेलं नाही याची खात्री करा.

मिश्रीबद्दल तुम्ही एका वाक्यात उरकलंत, मी तसं उरकणार नाही. महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा न ओढता तंबाखू घेणारे कितीतरी जास्त आहेत. मघाशी सांगितलेल्या सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ ओढणारे होते आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे. मिश्री म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखूच. भाजताना त्याचा धूर होतो, लावताना बोटाला राहतो, आणि तेच बोट नातवाला भात कालवून भरवतं. सासूबाई मिश्री घरी भाजतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण कोटिनीनच्या चाचणीला विडी कुठली आणि मिश्री कुठली हे कळत नाही. आकडा आला आणि तुम्ही तो पूर्णपणे सासऱ्यांच्या नावावर टाकलात, तर ते खरं असेलच असं नाही. वांगी, टोमॅटो, बटाटा, चहा यांतही निकोटिनचा अंश असतो हे कुणीतरी व्हॉट्सअॅपवर वाचून तुम्हाला ऐकवेल. असतो, पण इतका नगण्य की धुरापुढे त्याचा हिशेब धरू नये. कोणी वांग्याच्या भरतावर खापर फोडायला लागलं तर हसून सोडून द्या.

याची दुसरी बाजू तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. कोटिनीन फक्त तंबाखूबद्दल बोलतं. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती, भिंतीला आलेली ओल, पावसाळ्यातली बुरशी, यांपैकी काहीही त्याला दिसत नाही. तुमच्या मुलाचा त्रास पावसाळ्यात सुरू झाला. सासरे विड्या बारा महिने ओढतात. म्हणून विडी निर्दोष ठरत नाही; धुराने श्वासनलिका आधीच नाजूक झालेल्या असतात आणि मग सर्दीचा विषाणू किंवा ओल निमित्त होते. पण आकडा जास्त आला म्हणून ‘हाच खोकल्याचा बाप’ असं म्हणता येत नाही, आणि कमी आला म्हणून घर स्वच्छ ठरत नाही. रात्री मुलाच्या खोलीत कॉइल जळते का, हे आजच बघा. जळत असेल तर आजच बंद करा, मच्छरदाणी लावा.

आता पुराव्याचं. ‘पुराव्याशिवाय माझं कोणी ऐकणार नाही’ या वाक्याखाली दडलेलं एक गृहीतक मला तपासून बघावंसं वाटतं: घरात ऐकलं जात नाही ते माहिती कमी पडते म्हणून. तसं असतं तर दवाखान्यात नवरा ‘नाही’ म्हणालाच नसता. त्याला माहीत आहे. सासूबाईंनाही माहीत आहे. पोराची छाती भरायची हे त्याच सांगतात. ‘याच धुरात वाढली’ आणि ‘छाती भरायची’ ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात, यातच सगळं आलं. कमी पडते आहे ती बोलायची सोय. वडिलांना ‘विडी बाहेर ओढा’ म्हणायचं तर ते मुलाने म्हणायला हवं, आणि तो ते टाळतोय. आकडा समोर ठेवलात तर तो टाळणं थांबवेल, की आकड्याशी भांडत बसेल? पालकांना मुलाच्या कोटिनीनचा आकडा सांगून घरातला धूर कमी होतो का, हे बाहेरदेशी संशोधकांनी करून पाहिलं आहे आणि निकाल संमिश्र आले आहेत. काही ठिकाणी फरक पडला, काही ठिकाणी अजिबात नाही. डॉक्टर समोर बसून सांगत असताना जिथे भरवसा नाही, तिथे भरल्या घरात सुनेने सासऱ्यांपुढे नातवाच्या लघवीचा अहवाल ठेवल्यावर काय होईल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे. म्हाताऱ्या माणसाची मान जावयासमोर खाली गेली की तो विडी सोडत नाही, विडी लपवतो. लपवलेली विडी संडासात ओढली जाते, आणि तो धूर घरातच राहतो.

स्वतःला एक प्रश्न विचारा. आकडा जास्त आला तर तुम्ही काय करणार? विडी घराबाहेर काढायचा प्रयत्न. आणि कमी आला तर? मूल तरीही घरघरतंय, दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी किमान पातळी कुठलीच नाही हे अमेरिकी सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागाराच्या) २००६च्या अहवालापासून स्पष्ट आहे, म्हणजे तुम्ही तेच करणार. दोन्ही निकालांनंतर करायचं काम एकच असेल, तर निकालाची वाट बघण्यात काही अर्थ नाही.

मग चाचणी करूच नये? माझ्या मते करायची तर उघड करा, आणि सासऱ्यांना त्यात घ्या. आधी नवऱ्याशी बोला, दोघांनीच, आणि ‘तुझे बाबा’ या शब्दांनी सुरुवात करू नका; ‘तुझीही छाती भरायची ना?’ इथून करा. मग त्याला एकट्याला वडिलांशी बोलू द्या. काय मागायचं ते आधी नेमकं ठरवा, कारण ‘विडी सोडा’ ही फार मोठी मागणी आहे आणि तिचं उत्तर ठरलेलं असतं. मागणी एवढीच: विडी गॅलरीत नाही, खाली, इमारतीच्या बाहेर. त्यासाठी एक वेगळा सदरा, जो घरात येताना दाराशी काढायचा. हात-तोंड साबणाने धुवायचं, चूळ भरायची, आणि निदान पंधरा-वीस मिनिटं नातवाला जवळ घ्यायचं नाही. गुडघे धरले असतील आणि जिने उतरवत नसतील, तर गॅलरीच, पण दार घट्ट बंद आणि पंखा बंद. अर्धी विझलेली विडी पुन्हा पेटवायला म्हणून खिशात किंवा गॅलरीच्या कठड्यावर ठेवायची सवय विडी ओढणाऱ्यांना असते, कारण तेंदूच्या पानातली विडी झुरके थांबले की विझते. ही सवय आधी मोडायला हवी. सव्वातीन वर्षांच्या मुलाने ते थोटूक चघळलं तर प्रकरण थेट विषबाधेवर जातं, आणि तेव्हा आकड्यांची चर्चा करायला वेळ नसतो. सासूबाईंनाही एकच विनंती: मिश्री भाजणं घरात नको, आणि मिश्रीनंतर हात धुऊनच मुलाला भरवायचं.

हे सगळं सुरू करायच्या आधी एकदा लघवी तपासा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने. कोटिनीन चार दिवसांत खाली येतं, ही या चाचणीची मोठी सोय आहे: बदल केला तर तो लवकर दिसतो. दुसरा आकडा खाली आला, तर तो आजोबांच्या हातात द्या. नातवाच्या अंगातलं विष मी कमी केलं, हे लेखी दिसलेला माणूस पुढचं पाऊल टाकायची शक्यता जास्त. खाली आला नाही तर मिश्री, शेजारच्या गॅलरीतला धूर, उघडं दार, सगळं पुन्हा एकदा शोधायला लागा, आरोप न करता.

पुढचं पाऊल म्हणजे विडी सोडणं. ते त्यांच्या मनावर असू द्या, पण दार उघडं ठेवा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. विडीच्या बंडलावरही छापलेला असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही त्याचं केंद्र आहे. सासरे निकोटिनचं च्युइंगगम घ्यायला लागले तर त्यांची स्वतःची कोटिनीन चाचणी पॉझिटिव्हच येत राहील, कारण गममध्येही निकोटिनच आहे. म्हणून ‘सोडलं म्हणता, मग रिपोर्ट असा कसा?’ असं कोणी म्हणू नये. त्यांची परीक्षा घ्यायला ही चाचणी वापरूच नका.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. गरोदर बाईचं शरीर कोटिनीन जवळपास दुप्पट वेगाने बाहेर टाकतं, त्यामुळे तिचा आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईने स्वतः मिश्री लावली किंवा विडी ओढली, तर निकोटिन दुधातून बाळाला जातं; तरी दूध तोडू नये, तंबाखू तोडावी, आणि ते लगेच जमत नसेल तर निदान पाजण्याच्या आधी नको. टर्म विमा घेताना ‘ओढत नाही’ लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की लघवीची चाचणी मिश्री, गुटखा, गम सगळं पकडते. अर्जावर जे खरं तेच लिहा.

आता तुमचा ताजा कलम. विनोद असा की ती २०० नॅनोग्रॅमची पट्टी तुमच्या मुलाबद्दल काही सांगणार नाही, पण तुमच्या नवऱ्याबद्दल बऱ्यापैकी खरं सांगेल. वडिलांच्या धुरात बसून कोणाची लघवी सहसा २००च्या वर जात नाही. गेल्या दोन-तीन दिवसांत त्याने स्वतः ओढली असेल तर बहुधा जाईल. मग वापरायची का? आधी मला सांगा, त्याची लघवी तुम्ही मिळवणार कशी? याचं उत्तर मनातल्या मनात रंगवून बघा, म्हणजे बाकीचं मला फारसं लिहावं लागणार नाही. आणि समजा मिळवलीत, निकाल पॉझिटिव्ह आला. ‘मला कसं कळलं’ हे सांगितल्याशिवाय तुम्ही ते बोलू शकणार नाही, आणि सांगितलंत की भांडण सिगारेटचं राहणार नाही, डबीचं होईल. निगेटिव्ह आला तर तुमचा संशय मिटेल का? की ‘गेले तीन दिवस ओढली नसेल’ म्हणून दुसरी पट्टी काढाल? पाकिटात पाच असतात, तुम्हीच लिहिलंय.

त्याला सरळ विचारा. विडीच्या नियमांचं बोलणं निघेल, त्याच दिवशी: ‘तू अजून ओढतोस का? असशील तर सांग, मी ओरडणार नाही.’ आणि मग खरंच ओरडू नका. सोडलेली सिगारेट पुन्हा सुरू होणं फार नेहमीचं आहे; बहुतेकांना कायमची सोडायला एकापेक्षा जास्त वेळा सोडावी लागते. उत्तर ‘अधूनमधून’ असं आलं, तर वेगळा सदरा, चूळ, बंद दार हे सगळं त्यालाही लागू, ऑफिसातून ओढून येत असला तरी. मुलाच्या लघवीतल्या आकड्याला आजोबांचा धूर आणि बाबांचा धूर वेगळा ओळखता येत नाही. नियम एकट्या आजोबांसाठी केलेत आणि दुसरा आकडा खाली आला नाही, तर म्हातारा माणूस केलेल्या सगळ्या खटाटोपावर पाणी सोडून पुन्हा गॅलरीत जाऊन बसेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.